कंसातल्या तारखा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, लॅपटॉपवरची ती काळी खिडकी उघडतेस की नाही हल्ली?" मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे हे खरं, पण डॉक्टरांनी वाचायला-लिहायला महिन्यापूर्वीच परवानगी दिली. कारण वेगळं आहे. ते तोंडी सांगायला गेले तर मधला माझ्या सोयीचा नसलेला भाग मी गाळेन, म्हणून लिहून पाठवते. मोठीसाठी एक गोष्ट आधीच लिहून ठेवते: तू मला जे शिकवलंस त्यात काही चुकलेलं नव्हतं.

तुम्हाला माहीत आहे की मी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात चोवीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. शाळेत मूल दाखल झालं की त्याची नोंद जनरल रजिस्टरमध्ये होते. नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, आणि अगदी उजव्या कडेला 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना. जन्मतारखेसाठी दाखला लागतो. आमच्याकडे निम्म्या मुलांकडे तो नसायचा. कुणी शेतातल्या गोठ्यावर जन्मलेलं, कुणी वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीच्या पालात. मग आम्ही शिक्षक काय करायचो? एक जून लिहायचो. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्या दिवशी मूल सहा वर्षांचं पूर्ण होईल असं साल टाकायचं, की प्रवेश झाला. मराठवाड्यात माझ्या वयाच्या कुणालाही वाढदिवस विचारा, दहातले पाच जण एक जून सांगतील आणि हसतील. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी तेच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही तेच.

मी त्यात माझी एक भर घातली होती. एखादी आई किंवा आजी खरी तारीख सांगायची, पण तिच्याकडे कागद नसायचा. अशा वेळी मी जन्मतारखेच्या रकान्यात शाईनं एक जून लिहायची आणि शेऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तिनं सांगितलेली तारीख. शाईचं सरकारसाठी आणि पेन्सिलीचं खरं, अशी माझी व्यवस्था. इन्स्पेक्शनला कुणी विचारलं तर पेन्सिल खोडता येते, हेही मनात होतं. ते लपवत नाही.

निवृत्त होऊन मी नांदेडला आले त्यानंतर काही वर्षांनी शाळेच्या क्लार्कचा फोन आला. सगळी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर घ्यायची होती आणि माझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. गावातल्या एका मुलीनं टायपिंग केलं, प्रत्येक पानाची एक साधी फाइल. मी फोनवर तिच्या शंका सोडवायची. तिनं विचारलं, "बाई, पेन्सिलीनं लिवलेलं पण घेऊ का?"

"घे. चौकोनी कंसात घे, म्हणजे शाईचं आणि पेन्सिलीचं वेगळं कळेल."

कंस माझेच, हे लक्षात ठेवा.

त्या शेकडो फाइली पेन ड्राइव्हवर माझ्याकडे आल्या. तारखा कुठे तिरकी रेघ देऊन, कुठे टिंब देऊन, कुठे आडवी रेघ देऊन. कापडाच्या दुकानात वाढलेली मी. उदगीरला आमच्या दुकानात माझे वडील रात्री दुकान बंद करण्याआधी प्रत्येक ठाणाची घडी एका रेषेत आणायचे. मला ते तीन तऱ्हेचं बघवेना. एकेक फाइल उघडून बदलायला बसले तेव्हा तू पलीकडून ओरडलीस, "आजी, असं हातानं कोण करतं?" आणि मला त्या काळ्या खिडकीपाशी बसवलंस. एक आज्ञा शोधायची, एक बदलायची. काय शोधायचं, त्याच्या जागी काय ठेवायचं, कोणत्या फाइलींमध्ये. एवढंच. एंटर दाबलं की सहा वर्षांच्या दाखल्यांमधली प्रत्येक तिरकी रेघ सरळ.

दुसऱ्या दिवशी मी तुला न विचारता टिंबांना हात घातला. टिंब शोध, आडवी रेघ ठेव. त्या आज्ञेला टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर' असं वाटतं हे मला कुठून माहीत असणार? फाइल उघडली तर पानभर नुसत्या आडव्या रेघा. नाव नाही, गाव नाही. तुम्ही दोघं पोट धरून हसलात. धाकटा म्हणाला, "आजीनं अख्खं गाव पुसलं." मूळ फाइली पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून पुन्हा घेता आल्या. मग तू मला सवय लावलीस: बदल करताना जुन्या फाइलीची प्रत आपोआप बाजूला राहील असं चार अक्षरी शेपूट आज्ञेला जोडायचं. मी ते वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं आणि बरेच दिवस पाळलं.

दीड वर्षापूर्वी क्लार्कचा पुन्हा फोन आला. "मॅडम, वर चढवताना कंसवाल्या ओळी घेईना झालंय. कंसातलं सगळं उडवा बघा एकदाच. तुम्हाला काय, एक बटन."

मी आधी शोधायची आज्ञा दिली. कंस असलेल्या ओळी सरसर वर गेल्या. 'फोटो बाकी', 'वडील येऊन गेले', 'दाखला दुसऱ्यांदा दिला'. आणि मध्ये मध्ये तारखा. 'आईच्या सांगण्यावरून', आणि पुढे तारीख. मी त्या पाहिल्या. मला आठवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवलं होतं. मी दोन गोष्टी मनात म्हटल्या. पहिली, की इतक्या वर्षांनी हे कोण विचारायला येणार आहे. दुसरी अशी, की माझ्या अक्षरातला एक जून खोटा आहे हे सांगणारा कागद जगात दुसरा नाही, तेवढ्या त्या कंसांतच लिहिलेलं आहे. आणि ते गेलं तर बरंच. कंस आणि त्याच्या आतलं सगळं शोध, त्या जागी काही ठेवू नकोस. एंटर. डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं.

जुन्या प्रती बाजूला राहिल्या होत्या, तू शिकवलं होतंस तशा. एकेका फाइलीला एक जुळी. फोल्डर दुपटीनं फुगलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मी त्या सगळ्या जुळ्या पुसल्या, पेन ड्राइव्हही रिकामा केला आणि फोल्डर कसं स्वच्छ दिसतंय याचा तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही अंगठा दाखवलात.

या जूनच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करते, पहाटेच्या गाडीनं आली होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं बहिणीचं नाव सांगितलं, मग मला ओळख पटली.

ती बहीण माझ्याकडे मुलीला शाळेत घालायला आली होती. नवरा-बायको वीटभट्टीवर. मूल पाच वर्षांचंही नव्हतं, पण भट्टीवर ठेवायचं कुणाजवळ म्हणून घाई. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढलं. मुलगी झाली त्या दिवशी भट्टीच्या मुनीमानं त्या तारखेभोवती गोल केला होता, तिनं ते पान महिना संपल्यावर मागून घेतलं होतं. मी शाईनं एक जून लिहिला तेव्हा ती वाकून बघत राहिली. वाचता येत नव्हतं, पण गोलातला आकडा आणि माझा आकडा एक नाही हे तिला दिसलं. "बाई, ह्यो न्हाई," ती म्हणाली. मी समजावलं. तेव्हा म्हणाली, "मग खरी बी कुठं तरी लिवून ठिवा. माझ्या टायमाला कुनालाच ठावं नव्हतं म्या किती वर्साची हाय. हिच्या टायमाला तसं नगं." मी पेन्सिल घेतली.

ती बाई चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली. आता तिची बहीण माझ्या सोफ्याच्या टोकावर बसून पदरानं मान पुसत होती.

"भाऊजी पोरीचं लगीन करून राहिलेत, बाई. रविवारी. पोरगा देगलूरकडचा, तिशीचा हाय. पोरगी सोळाची. पर शाळंचा दाखला म्हनतो अठरा पुरं."

"मुलीचं काय म्हणणं आहे?"

"तिनंच धाडलंय मला. म्हनली, माय म्हनायची बाईंनी खरी तारीख लिवून ठिवलीय. तेवढी घिऊन ये. ग्रामसेवकाला दावू, मंग बाप बी गप बसंल." ती जरा हसली. "मला म्हनली, मावशी, बाई लई टापटिपीच्या. त्यांच्याकडून कागुद हालायचा न्हाई."

"तुम्हाला तारीख आठवते का?"

"थंडी व्हती एवढं ठावं. आमी भट्टीवर शेकत बसलो व्हतो."

"आणि ते कॅलेंडरचं पान?"

"ती गेली तवा भाऊजीनं सगळंच गाठोडं भट्टीत घातलं."

मी लॅपटॉप उघडला. मला ठाऊक होतं की काही निघणार नाही, तरी उघडला, कारण ती बघत होती. मुलीचं नाव शोधलं. एक ओळ आली. नाव, गाव, एक जून, आणि शेऱ्याच्या जागी दोन उभ्या रेघांमध्ये कोरी जागा. मी पुन्हा शोधलं, वडिलांच्या नावानं, मग नुसत्या सालानं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"हाय का?"

"इथे नाही. मूळ रजिस्टरात असेल. शाळेत."

"मंग ह्ये मशीन कशाला हाय वो बाई?" तिनं हे टोचून विचारलं नाही, खरोखरच विचारलं.

आम्ही दोघी लगेच निघालो. नांदेडहून चाकूरपर्यंत एसटी, तिथून रिक्षा. सुट्टी होती, पण क्लार्क शाळेत दाखले लिहीत बसलेला होता. "या मॅडम! साठी ओलांडल्यावर काळ्या स्क्रीनवर काम करणाऱ्या जिल्ह्यात तुम्हीच एकट्या." त्याला रजिस्टर मागितलं. तो डोकं खाजवत उठला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यानं ते दोन्ही हातांवर धरून आणलं. वाळवी उजव्या कडेनं आत शिरली होती. शाईच्या रकान्यांना फारसा धक्का नव्हता. नाव होतं, गाव होतं, माझा एक जून ठसठशीत होता. शेऱ्याचा रकाना अगदी कडेचा. त्या जागी मातीच्या रेघा आणि भुगा.

"कॉम्प्युटरवर आहे म्हणून ह्याच्याकडे बघितलं नाही कुणी," क्लार्क म्हणाला. "काय शोधत होता?"

मी सांगितलं. तिथं मी बोलायला नको होतं.

शाळेच्या कॉम्प्युटरवरही जुन्या फाइलींच्या जागी मी पाठवलेल्या, कंस काढलेल्याच होत्या. टायपिंग करणाऱ्या मुलीला फोन लावला. लग्न होऊन ती पुण्याकडे गेली आहे, तिच्याकडे प्रत नव्हती. तिनं ज्या दुकानात टायपिंग केलं त्या दुकानाची मशीनं विकून मालक आता मोबाइलची कव्हरं विकतो.

ग्रामपंचायत शाळेच्या समोरच. बालविवाह थांबवायचा अधिकार ग्रामसेवकाकडे असतो. चाळिशीचा माणूस, घाईत होता पण वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं आणि दाखल्याची प्रत टेबलावर ठेवली.

"मॅडम, माझ्यापुढे हा कागद आहे. कागद अठरा म्हणतो. मी मांडवात जाऊन काय सांगू, हिच्या मावशीला थंडी आठवते म्हणून?"

"तो एक जून मी लिहिला आहे. अंदाजानं."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "हे लेखी देता? तुम्ही त्या वेळच्या मुख्याध्यापिका. जन्माचा पुरावा नसताना तारीख टाकली असं तुम्ही लिहून दिलं, तर मी आज पोरीला वैद्यकीय तपासणीला पाठवू शकतो. हाडावरून वय सांगतात. तेवढ्यात रविवार निघून जाईल." आणि त्यानं एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं.

मुलांनो, तो कागद माझ्यासमोर होता. पेन होतं. मावशी दाराशी उभी होती. मला फक्त चार ओळी लिहायच्या होत्या.

मी म्हणाले, "असं घाईत नको. मुद्देसूद लिहून, टाइप करून आणते. परवा."

"परवा?" ग्रामसेवक म्हणाला. "बघा बुवा."

परतताना एसटीत मावशी माझ्या शेजारी बसली होती. मी स्वतःला सांगत होते की अर्जात खाडाखोड असली तर तो टिकत नाही. खरं काय होतं ते आता लिहिते. मला माझ्या पेन्शनची भीती वाटली. माझ्या त्या एक जूनवर कितीतरी मुलं नोकरीला लागली आहेत, एक पोलीस आहे, दोघी नर्स आहेत. एक तारीख खोटी म्हटली तर त्यांच्याही काढतील का, असं वाटलं. ही दुसरी भीती मी पहिलीच्या पुढे उभी केली, कारण ती दिसायला बरी होती. बुधवारी मी तीन मसुदे केले. तिसऱ्यात 'खोटी' हा शब्द काढून 'अंदाजे' घातला. गुरुवारी सकाळी छापून घेतलं, सही केली आणि बस पकडली. दीडच्या सुमाराला ग्रामपंचायतीत पोचले.

ग्रामसेवकानं कागद घेतला, वाचला आणि टेबलावर ठेवला. "मॅडम, सकाळीच उरकलं. माहूरला. गडाच्या पायथ्याच्या कुठल्याशा लॉजच्या गच्चीवर. बापाला कुणीतरी सांगितलं की बाई चौकशी करून गेल्या, म्हणून रविवार सोडून आजच घेतलं." तो क्लार्कविषयी काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. बापाचं शाळेत दाखल्यासाठी येणं-जाणं होतंच. मी त्या ऑफिसात सगळ्यांदेखत बोलले होते.

"आता काय करता येईल?"

"तुमचं पत्र मी वर पाठवतो. लग्न झाल्यावरही तक्रार होते. पण पोरीनं स्वतः सांगायला पाहिजे."

पत्रावर शिक्का मारून त्यानं मला पोच दिली. पुढे कुणी तरी देगलूरकडे जाऊन आलं म्हणे. सासू, सासरा आणि नवरा समोर बसलेले असताना मुलीला वय विचारलं. तिनं अठरा सांगितलं. दाखलाही तेच सांगत होता. प्रकरण मिटलं. माझ्या पेन्शनला काही झालं नाही. मला एकही प्रश्न विचारणारं पत्र आलं नाही, आणि मी कितीतरी आठवडे टपालवाल्याची वाट बघत होते.

मावशीला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "जाऊं द्या बाई. तुमी आलात तरी. आता ती नांदायला लागली." तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला अजूनही वाटतं की वाळवीनं सगळं खाल्लं. कंसांचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगेन. हे लिहून झाल्यावर किनवटला जाणार आहे.

त्या मुलीशी माझं एकदाच बोलणं झालं, श्रावणात. मावशीच्या फोनवरून तिनंच केला होता, सणाला मावशीकडे आली होती. पहिलीत असताना ती वर्गात सगळ्यात लहान होती आणि बाकावर बसली की पाय लोंबकळायचे, एवढीच माझ्या डोळ्यांपुढे होती. आवाज मोठ्या बाईचा आला.

"बाई, बऱ्या आहात?"

मी तिची माफी मागायला लागले. तिला ते नको होतं, किंवा वेळ नव्हता. मागे कुणीतरी भांडी आपटत होतं.

"त्ये ऱ्हाऊ द्या बाई. मला एक इचारायचं व्हतं. दवाखान्यात इचारत्यात, वय किती, जन्म कधीचा. मी तिथं अठराच सांगते, एक जून. पर मला माझ्यापुरतं पायजे. मायनं सांगितलेली तारीख. तुमी तर सोता लिवली व्हती ना? तुमाला याद असंल."

मी डोळे मिटले. तिची आई आठवली, पिशवीची गाठ सोडणारी तिची बोटं, त्यांना लागलेली लाल माती. कॅलेंडरचं पान पिवळं होतं आणि त्यावर घड्यांच्या चार रेघा होत्या. निळ्या शाईचा गोल, थोडा लांबट. गोलाच्या आत आकडा होता. मी तो बघून उतरवला होता. महिना नोव्हेंबर असेल, किंवा डिसेंबर. आकडा एक की दोन अंकी, तेही मला सांगता येईना.

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "मला आठवत नाही."

मागे पुन्हा एक भांडं आपटलं.

"बरं," ती म्हणाली. "दवाखान्यात म्हनत्यात फेब्रुवारीत व्हईल बाळ. त्याची तेवढी म्या सोता लिवून ठिवते." मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.